जागृतीचा अर्थ
(बुद्धजयंतीनिमित्त केलेले भाषण)



'समाज जागृत झाला पाहिजे' हे वाक्य ज्या सभेत उच्चारले गेले नाही अशी सभा आम्हाला आठवत नाही. आमच्याही तोंडून ते अनेकदा निघाले आहे. परंतु जागृत होणे म्हणजे नेमके काय, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले की आम्ही अडखळतो. म्हणून आज या एकाच शब्दाचा आणि त्याच्या गोतावळ्याचा विचार करावयाचे ठरविले आहे.

प्रथम आपल्या घरातला शब्द घेऊ. जुन्या गावगाड्यात रात्रीचा पहारा करणाऱ्यास 'जागल्या' म्हणत. काही भागांत हे काम रामोशी किंवा भिल्ल करीत. अनेक गावी ते महारांकडे असे. गाव झोपे आणि आमचे वाडवडील जागत. हे जागणे त्यांनी निवडलेले नव्हते, ते जन्माने अंगावर पडलेले होते. मराठीत 'जागणे' या शब्दाला दुसराही अर्थ आहे. दिलेल्या शब्दाला जागणे, खाल्ल्या मिठाला जागणे, म्हणजे इमान राखणे. जागल्याने या दोन्ही अर्थांनी जागावे अशी गावाची अपेक्षा होती. मात्र तो स्वतःच्या माणूसपणाविषयी जागा होणे गावाला खपत नव्हते. बाबासाहेबांनी हे दुखणे ओळखले. 1928 साली त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. पुढे 1958 साली झालेल्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतने नाहीशी केली; ते पाहण्यास बाबासाहेब हयात नव्हते.

आता तथागतांकडे वळू. 'बुद्ध' हे आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे, ती मनाची अवस्था आहे. 'बुध्' या धातूचा अर्थ जागे होणे, जाणणे. बोधी, बोध, बुद्धी, प्रबोधन, प्रबुद्ध हे सारे शब्द याच धातूचे. म्हणजे जागे होणे आणि जाणणे या दोन गोष्टी नाहीत, एकच आहे. बाबासाहेबांच्या पत्रांची नावेच पाहा. 1920 साली 'मूकनायक', 1927 साली 'बहिष्कृत भारत', 1930 साली 'जनता' आणि 4 फेब्रुवारी 1956 पासून त्याच 'जनता'चे नाव 'प्रबुद्ध भारत'. ज्याला वाचा नव्हती तेथून निघालेला समाज, जो जागा झाला येथवर आला. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली.

पालीतील आणखी तीन शब्द विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावेत. पहिला 'सती'. याचा सती जाण्याच्या रूढीशी संबंध नाही. हे संस्कृत 'स्मृती'चे पाली रूप. आता, या क्षणी शरीरात आणि मनात काय चालले आहे याचे भान, म्हणजे सती. राग आला आहे हे राग असतानाच ओळखणारा माणूस हात उगारण्यापूर्वी थांबू शकतो.

दुसरा 'जागरिया'. यात झोपेला बंदी नाही. भिक्खूने रात्रीचा पहिला आणि शेवटचा प्रहर साधनेत घालवावा व मधल्या प्रहरात विश्रांती घ्यावी, अशी शिकवण आहे. वर्षभर पुस्तक न उघडता परीक्षेच्या आदल्या रात्री चहावर चहा पिऊन बसणे हे जागरण झाले, जागृती नव्हे.

तिसरा आणि आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा शब्द 'अप्पमाद', म्हणजे गाफील न राहणे. धम्मपदाचा दुसरा वग्ग याच नावाचा आहे. महापरिनिर्वाणाच्या वेळी तथागतांनी भिक्खूंना जो अखेरचा उपदेश केला, त्यातही हाच शब्द आहे. याच्या उलट 'पमाद'. तो आपण रोज उच्चारतो, कारण पाचव्या शीलात तो आहे. मद्य वर्ज्य सांगितले ते गाफीलपणाचे मूळ म्हणून. सकाळी विहारात हे शील घ्यावयाचे आणि सायंकाळी जयंतीच्या मिरवणुकीत पिऊन नाचावयाचे, हे आपल्याच वस्त्यांत आपण पाहतो. पाहून गप्पही राहतो. आम्हीही गप्प राहिलो आहोत, हे येथे कबूल केले पाहिजे. दुसऱ्यास झोपलेला म्हणणे सोपे आहे.

बंधूभगिनींनो, आमच्या पूर्वजांना दुसऱ्याच्या धनासाठी जागावे लागले. आपल्याला स्वतःसाठी आणि समाजासाठी जागता येते, हा फरक एका महामानवाच्या कष्टाने घडला. डोळे उघडले, शिक्षण मिळाले, नोकऱ्या मिळाल्या; एका अर्थाने आपण जागे झालो. आता दुसरा अर्थ उरला आहे. नागपूरच्या भूमीवर आपल्या वडीलधाऱ्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्या शब्दाला आपण जागतो आहोत काय? हा प्रश्न प्रत्येकाने आज घरी गेल्यावर, दुसऱ्यास नव्हे, स्वतःस विचारावा, एवढी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवितो.

नमो बुद्धाय! जयभीम!