समुद्रात एक, हिशेबात तीन

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



युद्धनौका नौदलात दाखल झाली की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत तिची लांबी, तिचे वजन, तिचा वेग आणि तिच्यावरील क्षेपणास्त्रांची नावे ठळक अक्षरांत छापली जातात. ती बातमी वाचून काहींची छाती अभिमानाने फुगते. तर काहीजण तेवढ्या पैशात किती शाळा आणि किती दवाखाने झाले असते याचा हिशेब मांडू लागतात. दोन्ही भावना प्रामाणिक आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. एवढा पैसा ओतल्यावर देशाच्या पदरात नक्की काय पडते, हा मूळ प्रश्न दोघांपैकी कोणीच विचारलेला नसतो.

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘विशाखापट्टणम’ वर्गाच्या विनाशिकांचे उदाहरण घ्यावे. या वर्गातील चार नौका २०२१ ते २०२५ या काळात नौदलात आल्या: ‘विशाखापट्टणम’, ‘मोरमुगाव’, ‘इंफाळ’ आणि ‘सुरत’. प्रत्येकीची लांबी १६३ मीटर, वजन सुमारे ७,४०० टन आणि कमाल वेग तीस नॉटहून अधिक. जहाजांवर व जमिनीवर मारा करणारी ‘ब्राह्मोस’ आणि विमाने व क्षेपणास्त्रे हवेतच पाडणारी ‘बराक’ ही त्यांची मुख्य आयुधे. चौघींचा मिळून खर्च सुमारे ३५,००० कोटी रुपये. कागदावर पाहिले तर ही चार नौकांची ताकद दिसते. समुद्रावर मात्र ती कधीच चार नौकांची नसते.

याचे कारण साधे आहे. नौका हे यंत्र आहे आणि तिच्यावर माणसे राहतात. खारे पाणी पोलाद खाते, यंत्रे झिजतात, रडार आणि क्षेपणास्त्रांच्या प्रणाली तपासाव्या लागतात. ठराविक काळाने नौका सुक्या गोदीत घ्यावीच लागते आणि मोठी दुरुस्ती असेल तर त्यात महिनेच्या महिने जातात. गोदीतून बाहेर पडलेली नौका लगेच लढाईला योग्य होत नाही. बदलून आलेल्या खलाशांचा सराव व्हावा लागतो. म्हणून जगभरच्या नौदलांत एक ढोबळ नियम मानला जातो: एखाद्या दूरच्या ठिकाणी एक नौका सतत ठेवायची असेल, तर एकंदर तीन लागतात. एक कामावर, एक गोदीत आणि एक सरावात किंवा वाटेवर.

‘वाटेवर’ हा शब्द विसरता येत नाही. मुंबईपासून एडनपर्यंतचे अंतर सुमारे १,६०० ते १,७०० सागरी मैल आहे. पंधरा नॉटच्या काटकसरीच्या वेगाने गेले तरी जायला साडेचार दिवस आणि यायला साडेचार दिवस. मग तीस नॉटचा वेग कशासाठी, असे कोणी विचारील. निसर्गाचा नियम येथे आड येतो. जहाजाचा वेग दुप्पट करायचा तर यंत्रशक्ती ढोबळमानाने आठपट लागते. तेच अंतर निम्म्या वेळात कापले तरी इंधन चौपट जळते. म्हणून कमाल वेग हा संकटाच्या घटकेसाठी राखून ठेवायचा असतो. जी नौका तो रोज वापरील तिला वाटेतच तेलवाहू नौकेची वाट पाहत थांबावे लागेल. तेलवाहू नौकांना कोणी सलामी देत नाही, त्यांची छायाचित्रे पहिल्या पानावर येत नाहीत. पण आरमाराचा खरा पल्ला त्याच ठरवतात. अशा पाच पुरवठा नौकांची सुमारे १९,००० कोटी रुपयांची मागणी विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डकडे नोंदवली गेली ती २०२३ साली.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर नौका ही भांडवली वस्तू आहे आणि तिच्यापासून देशाला मिळणारे उत्पादन म्हणजे ‘योग्य ठिकाणी हजर राहिलेले दिवस’. गिरणीत माग किती आहेत यावरून कापड मोजत नाहीत. चालू माग किती यावरून मोजतात. नौदलालाही हेच माप लावले पाहिजे.

हे माप विमानवाहू नौकेला लावले म्हणजे चित्र आणखी स्पष्ट होते. जुनी ‘विराट’ मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली आणि कोचीत बांधलेली नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली. मधली साडेपाच वर्षे भारताकडे ‘विक्रमादित्य’ ही एकच विमानवाहू नौका होती. ती दुरुस्तीला गेली की देशाची विमानवाहू शक्ती शून्य! ही ‘विक्रमादित्य’ म्हणजे रशियाची जुनी ‘गोर्शकोव्ह’. २००४ मध्ये तिच्या नूतनीकरणाचा सौदा ९७.४ कोटी डॉलरना ठरला, २०१० मध्ये तो २३५ कोटी डॉलरवर गेला आणि नौका हाती आली ती नोव्हेंबर २०१३ मध्ये. स्वस्त म्हणून घेतलेली जुनी वस्तू किती महाग पडते, हे मध्यमवर्गीय गृहिणीलाही ठाऊक असते. सरकारला ते कळायला नऊ वर्षे लागली.

नव्या ‘विक्रांत’चा हिशेबही बोलका आहे. सुमारे ४५,००० टनांची ही नौका बांधायला अंदाजे २०,००० कोटी रुपये लागले. तिच्यासाठी एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सशी २६ ‘राफाल’ विमानांचा जो करार झाला तो सुमारे ६३,००० कोटींचा. म्हणजे नौकेच्या तिप्पट तिच्यावरील विमाने! शिवाय विमानवाहू नौका एकटी बाहेर पडत नाही. तिच्याभोवती विनाशिका, फ्रिगेट, पाणबुडी, तेलवाहू नौका असा सगळा लवाजमा लागतो आणि त्यातील प्रत्येकीला पुन्हा तोच तिनाचा नियम लागू असतो. संसदेसमोर नौकेची किंमत येते. लवाजम्याची एकत्रित किंमत एका जागी मांडली जात नाही.

येथवरचे विवेचन ऐकून कोणी म्हणेल की, मग मोठ्या नौका हव्यातच कशाला? हा निष्कर्षही घाईचा ठरेल. भारताचा परदेशी व्यापार आकारमानाने सुमारे ९५ टक्के समुद्रमार्गे चालतो. एसटीच्या डिझेलचे आणि शेतकऱ्याच्या खताचे भाव तांबड्या समुद्रातील आणि होर्मुझच्या सामुद्रधुनीतील शांततेवर अवलंबून असतात. डिसेंबर २०२३ नंतर एडनच्या आखातात आणि अरबी समुद्रात व्यापारी जहाजांवर ड्रोन व क्षेपणास्त्रांचे हल्ले होऊ लागले आणि चाचेही पुन्हा डोके वर काढू लागले, तेव्हा नौदलाने तेथे अनेक युद्धनौका पाठवल्या. मार्च २०२४ मध्ये ‘कोलकाता’ या विनाशिकेने सोमाली चाच्यांच्या ताब्यातील ‘रुएन’ हे जहाज गाठले. सुमारे चाळीस तासांच्या कारवाईनंतर ३५ चाचे शरण आले आणि जहाजावरील १७ खलाशी जिवंत सुटले. ते सतराजण कोणा साम्राज्याचे सरदार नव्हते, पोटासाठी दर्यावर गेलेली कामकरी माणसे होती. त्यांना सोडवू शकली ती नौका, कारण ती जवळच्या समुद्रात हजर होती. २०१७ पासून नौदलाने ठराविक सागरी क्षेत्रांत सतत नौका ठेवण्याचे धोरण स्वीकारले, त्याचे हे फळ. ‘कोलकाता’ऐवजी दुप्पट क्षेपणास्त्रांची एखादी नौका मुंबईच्या धक्क्याला बांधलेली असती, तर तिचा त्या सतराजणांना काय उपयोग होता?

सामर्थ्य आणि तैनाती यांतील हा फरक १९७१ च्या युद्धाने फार पूर्वीच शिकवला होता. जुन्या ‘विक्रांत’च्या एका बॉयलरला तडे गेले होते आणि तिचा वेग घटला होता. नौदलाने तिला बंगालच्या उपसागरात ठेवले, जेथे शत्रूचे आरमार दुबळे होते. आणि तिच्यावरील विमानांनी चितगाव व कॉक्स बझार निकामी केले. उलट पश्चिमेला ज्या क्षेपणास्त्र बोटींनी ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर हल्ला करून ‘खैबर’ आणि ‘मुहाफिज’ बुडवल्या, त्या आकाराने चिमुकल्या आणि तुटपुंज्या पल्ल्याच्या होत्या. मूळ कल्पनेप्रमाणे त्या बंदराच्या रक्षणासाठी होत्या. त्यांना ओढत शत्रूच्या दारापर्यंत न्यायचे आणि सोबत मोठ्या रडारच्या नौका द्यायच्या, ही योजना माणसांच्या डोक्यातून निघाली. यंत्राची उणीव योजनेने भरून काढली. पण त्याच युद्धात ९ डिसेंबरला दीवजवळ ‘खुकरी’ ही फ्रिगेट पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासह गेले. ‘खुकरी’ पाणबुड्या शोधण्यासाठीच पाठवली होती. जिथे यंत्र फारच मागे पडते तिथे योजना आणि शौर्य यांनाही मर्यादा असते, हा त्या १९४ जणांच्या मरणाचा अर्थ आहे, आणि तो विजयोत्सवात विसरता कामा नये.

मुंबईकरांना तर आणखी एक धडा मिळाला आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा अतिरेकी एका बळकावलेल्या मासेमारी नौकेतून आणि पुढे रबरी होडीतून कफ परेडच्या किनाऱ्याला लागले. पश्चिम नौदल विभागाचे मुख्यालय तेथून हाकेच्या अंतरावर आहे. हजारो टनांच्या विनाशिका त्या होडीला अडवू शकल्या नाहीत. त्यांचे ते कामच नव्हे. त्या माणसांना प्रथम हटकले ते किनाऱ्यावरच्या कोळी वस्तीतील लोकांनी. संरक्षणाच्या हिशेबात तटरक्षक दल, सागरी पोलीस आणि मच्छीमार यांना तळटीप समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता गोदीकडे वळू. नौकेचे हजर दिवस वाढवायचे असतील तर सर्वांत मोठा अडसर गोदीत असतो, आणि तो दूर करण्याची शक्तीही तिथल्याच कामगारांच्या हातात असते. माझगाव गोदी सरकारने १९६० मध्ये ताब्यात घेतली. तेथे बांधलेली पहिली मोठी युद्धनौका ‘निलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात आली, आणि त्याच नावाची नवी फ्रिगेट जानेवारी २०२५ मध्ये ‘सुरत’बरोबरच दाखल झाली. ‘विक्रांत’चे विशेष पोलाद बाहेरून वेळेवर मिळेना, तेव्हा ते सार्वजनिक क्षेत्रातील पोलाद कारखान्यांनी बनवले. सार्वजनिक उद्योग म्हणजे केवळ तोटा, असे रोज बजावणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

मात्र स्वावलंबनाचा हा प्रवास अर्धाच झाला आहे. नौकेचे हाडामांसाचे शरीर देशी झाले, हृदय अजून परके आहे. ‘विशाखापट्टणम’ वर्गाची मुख्य गॅस टर्बाइन युक्रेनमधील कारखान्याच्या बनावटीची. डिसेंबर २०२४ मध्ये दाखल झालेली ‘तुशिल’ ही फ्रिगेट रशियात बांधली गेली आणि तिची टर्बाइनही युक्रेनची! २०२२ पासून एकमेकांशी लढणाऱ्या दोन देशांवर एकाच नौकेचे सुटे भाग अवलंबून असतील, तर ती गोदीत किती दिवस राहील हे दिल्लीत ठरणार नाही.

आणि गोदीतील माणसांचे काय? जानेवारी २०२२ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत ‘रणवीर’वर स्फोट होऊन तीन नौसैनिक मेले. जुलै २०२४ मध्ये त्याच गोदीत दुरुस्तीसाठी आलेल्या ‘ब्रह्मपुत्रा’ला आग लागली, नौका कलंडली आणि एका नौसैनिकाचा जीव गेला. शत्रूने एकही गोळी न झाडता झालेली ही हानी आहे. दुरुस्ती हे नौकेच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचे दिवस असतात. त्या काळात जोडारी, वेल्डर, रंगारी, वीजकामगार एकाच अरुंद पोलादी पेटीत काम करत असतात. अशा कामाला अनुभवी आणि कायम कामगार लागतो. जहाजबांधणीत कंत्राटी पद्धत पसरू देणे म्हणजे मजुरीत वाचलेले रुपये नौकेच्या वाया गेलेल्या दिवसांत आणि माणसांच्या जिवांत फेडणे होय. कामगारांच्या हिताची मागणी आणि देशाच्या संरक्षणाची गरज येथे एकच आहे.

१९४६ च्या फेब्रुवारीत ‘तलवार’वरील नौसैनिकांनी निकृष्ट जेवणाविरुद्ध आणि अपमानाविरुद्ध बंड पुकारले, ते पाहता पाहता सगळ्या आरमारात पसरले आणि गिरणगावचे कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरले. आरमार तोफांवर नव्हे, माणसांवर चालते, हे तेव्हा इंग्रजांना कळले. स्वतंत्र देशाने ते विसरण्याचे कारण नाही.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवले गेले. एवढी रक्कम लोकांच्या घामातून येत असताना तिच्याविषयी केवळ टाळ्या वाजवणे किंवा केवळ निषेधाचे ठराव करणे, दोन्ही लोकशाहीला शोभणारे नाही. विचारायला हवेत ते प्रश्न असे: वर्षातून किती दिवस प्रत्येक वर्गाच्या नौका समुद्रात होत्या? दुरुस्ती ठरल्या वेळेत संपली का, आणि नसेल तर अडथळा गोदीच्या जागेचा, सुट्या भागांचा की कुशल हातांचा? नवी नौका घेताना तिची सोबतीण, तिचे तेल, तिची विमाने आणि तीस वर्षांची देखभाल किंमतीत धरली का? गोदीत किती कामगार कायम आहेत? आणि सर्वांत शेवटी, नौका नेमक्या कोणत्या समुद्रात आणि कशासाठी ठेवायच्या, हे ठरवताना देशाच्या व्यापाराची, मच्छीमारांची आणि खलाशांची गरज पाहिली जाते, की कोणा बड्या राष्ट्राच्या आरमाराची सोय?

यातील लष्करी गुपिते जपून बाकीची उत्तरे संसदेपुढे ठेवता येतात. ती मागण्याइतका अभ्यास कार्यकर्त्यांनी केला पाहिजे. कारण ज्या खर्चाचा हिशेब लोक मागत नाहीत, तो खर्च लोकांचे रक्षण करतोच असे नाही.