पाऊस आला की धडधडते



आज मी पावसाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, त्यासाठी वर्गात कशाला यायचे? पाऊस तर दारात येतो! खरे आहे. पण पाऊस आला की मनात काय होते, ते मला सांगायचे आहे.

आमच्या वर्गात हिंदमाताजवळच्या एक मावशी येतात. खोली तळमजल्यावर. मे महिना सरत आला की त्यांची झोप उडते. रात्री पत्र्यावर सरी वाजल्या की त्या उठून बसतात. तांदळाचा डबा, नातवंडांची दप्तरे, रेशनकार्ड, सगळे माळ्यावर चढवतात. पुष्कळदा पाणी येतच नाही. सकाळी सून हसते. मावशी एकदा मला म्हणाल्या, "लहानपणी मी पहिल्या पावसात चाळीच्या अंगणात नाचायची. आता आभाळ भरून आले की छातीत धडधडते. माझा पाऊस कुठे गेला हो?"

मावशींना वेड लागलेले नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. सपाट जागी साठला असता तर माणसाच्या कमरेइतका! कुलाब्याला मात्र त्या दिवशी ७३ मिलिमीटरच पडला. मावशींचे यजमान कुर्ल्याला कामाला होते. ते दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आले. तोवर मावशी दारातच उभ्या. पुढे २९ ऑगस्ट २०१७ ला दादर-परळ बुडाले, तेव्हा पाणी त्यांच्या ओट्याला लागले.

हिंदमाताचा भाग बशीसारखा खोलगट आहे. चारी बाजूंचे पाणी तिथे उतरते. ते गटारांतून समुद्रात जायचे. पण समुद्राला मोठी भरती असली की वाटच बंद. आता तिथले पाणी साठवायला दादर आणि परळला जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत. तरी २६ मे २०२५ ला हिंदमाताला पाणी भरलेच. मुंबईत पावसाळा ११ जूनच्या सुमारास यायचा, तो त्या वर्षी सोळा दिवस आधी आला. मावशींनी सामान वर चढवले नव्हते.

हे असे का होते? हवा तापली आहे, समुद्रही तापला आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. मग पडतो तेव्हा एकदम कोसळतो.

ऑस्ट्रेलियात कोळशाच्या खाणींनी एका खोऱ्याचे रूप पालटले. तिथली माणसे गाव सोडून कुठे गेली नव्हती, तरी झुरू लागली. ग्लेन अल्ब्रेख्त नावाच्या विद्वानांनी त्या दुःखाला 'सोलास्टाल्जिया' असे नाव दिले. नाव अवघड आहे, पाठ करू नका. अर्थ एवढाच, की घरात बसूनच घराची आठवण येणे. मावशींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तिकडेही होते तर!"

धडधड थांबत नसेल, झोप लागत नसेल, तर मनात ठेवू नका. १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे. तिथे मराठीत बोलता येते. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातही मनाच्या आजारांचा विभाग आहे. तिथे जाण्यात लाज कसली? खोकल्याला आपण जातोच ना.

मावशी सध्या आकडे शिकत आहेत. वर्तमानपत्रात भरतीची वेळ आणि उंची छापतात, ती त्यांना स्वतः वाचायची आहे. परवा त्यांनी बोट ठेवून वाचले, "चार पूर्णांक सहा मीटर. दुपारी एक." मग सुनेला हाक मारली, "अगं, आज डबा वर ठेव." सून हसली नाही.