सोसायटी नसलेला बोळ

आमच्या बोळाला नाव नाही. ‘सतारमेकर गल्लीच्या मागे, मिरज’ एवढ्या पत्त्यावर पोस्टमन पत्र आणून देतो. तंतुवाद्यं बनवणारी घराणी या भागात दीडशे वर्षांहून अधिक काळ आहेत. आमच्या बोळात तेरा जुनी घरं. काही सतारमेकरांची, काही लिंगायतांची, बाकी आम्ही मिश्र मंडळी. प्रत्येक घराची भिंत शेजारच्या घराला टेकलेली, आणि त्या भिंतीखेरीज आम्हाला एकमेकांशी बांधणारा कागद एकही नाही. अध्यक्ष नाही, सचिव नाही, मेंटेनन्स नाही, नोटीस बोर्ड नाही.

फ्लॅटमध्ये राहणारे मित्र विचारतात, मग तुमचं चालतं कसं? चालतं ते असं : गटार तुंबलं की ज्याच्या दारात तुंबलं तो आधी ओरडतो, मग काठी घेऊन बाहेर येतो, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं-तिघं महापालिकेच्या ऑफिसात जातो. अर्ज मी लिहितो, कारण बोळात बी. ए. झालेला आणि मराठीत कविता करणारा मीच. कवितेचा उपयोग काय, या प्रश्नाला बोळाने शोधलेलं हे उत्तर.

एक गोष्ट मात्र कुठल्याही पोटनियमात बसणार नाही. तंबोरा तयार झाला की शेवटी जवारी काढावी लागते. घोडीचा माथा कानशीने केसभर घासायचा, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा घासायचा. हे काम कानाचं. आमच्या समोरचे चाचा ते दुपारी करतात. त्या वेळी कुणी कुणाला सांगत नाही, पण आक्का टीव्हीचा आवाज कमी करतात, पोरं क्रिकेट खेळायला पलीकडे जातात, मोटारसायकल बोळाच्या तोंडाशी बंद करून ढकलत आणली जाते. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवायचा नियम २००० साली झाला. दुपारी अडीचला एका म्हाताऱ्या माणसाला तार नीट ऐकू यावी, असा नियम कोण करणार? आणि हेच चाचा भल्या सकाळी लाकूड तासायला बसतात तेव्हा आमची झोप मोडते, तीही आम्ही मोडू देतो.

तुम्ही म्हणाल, वा, काय शेजार! पण ही समजूत पिढ्यांची आहे, म्हणून चालते. नव्या भाडेकरूला जवारी म्हणजे काय हे कोण सांगणार? पहिले सहा महिने त्याला कुणी काही सांगतच नाही, नुसतं बघतात. बायकांचं तर आणखी वेगळं. सोसायटीच्या कमिटीत स्त्रियांसाठी कायद्याने राखीव जागा असतात. आमच्याकडे निर्णय दोन ठिकाणी होतात, बायकांचे नळावर आणि पुरुषांचे ओट्यावर, आणि महापालिकेपर्यंत पोचतात ते ओट्यावरचे. शेजारच्या घरातून भिंतीत पाणी झिरपतं म्हणून एक एकट्या राहणाऱ्या खाला सहा पावसाळे शेजाऱ्याला विनवत होत्या. सोसायटी असती तर दुसऱ्याच पावसाळ्यात विषय सभेपुढे आला असता आणि इतिवृत्तात नोंदला गेला असता.

माझा मुलगा पुण्यात नोकरी करतो. २०१६ साली तो भाड्याचं घर शोधत होता तेव्हा मी त्याच्याबरोबर हिंडलो. फोनवर सगळं ठरायचं, भाडं, डिपॉझिट, तारीख. मग नाव विचारलं जायचं. मग एजंट म्हणायचा, ‘काका, माझी काही हरकत नाही, मालकांचीपण नाही. कमिटी ऐकणार नाही.’ तीन ठिकाणी हेच वाक्य. ती कमिटी मला कधी दिसली नाही. तीनपैकी एखाद्या कमिटीला आपल्या नावावर काय खपवलं जातंय हे ठाऊकही नसेल. चौथ्या ठिकाणी घर मिळालं, आणि तिथले सचिव स्वतः जिना चढून पाण्याच्या वेळा सांगून गेले.

मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी तत्त्वावर घरं उभी केली, ती आपल्या माणसांसाठी. ‘आपल्या’ हा शब्द तेव्हापासून चिकटलेला आहे. महाराष्ट्राचा १९६० चा सहकार कायदा म्हणतो, पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारू नका. पण २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारा पोटनियम उचलून धरला. आमच्या बोळाला पोटनियमच नाही, तेव्हा त्याला कायद्याने कुणाला नकार देता येत नाही. पण नकार द्यायला कायदा कुठे लागतो? घर विकायचं असलं की नको त्या माणसाला किंमतच सांगायची नाही, तेवढं पुरतं.

सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत दंगल झाली, पुढे संचारबंदी लागली. संचारबंदीच्या आदल्या रात्री आक्कांचा मुलगा आणि चाचांचा पुतण्या बोळाच्या तोंडाशी बाक टाकून बसले होते. ते खरं. आणि वर्षभरात बोळातली दोन कुटुंबं, एक त्यांचं, एक आमचं, घरं विकून आपापल्या भागात राहायला गेली, हेही खरं. ‘जाऊ नका’ असं म्हणायला सभा बोलावणारं आमच्याकडे कुणी नव्हतं.

त्यातल्या एका घराच्या जागी इमारत झाली. आठ फ्लॅट, रीतसर सोसायटी. गेल्या वर्षी त्यांचं पत्र आलं, लेटरहेडवर, जावक क्रमांकासह. सुरक्षेसाठी बोळाच्या तोंडाशी लोखंडी गेट बसवायचं, खर्च सर्वांनी वाटून घ्यायचा, सात दिवसांत लेखी हरकत न आल्यास संमती गृहीत धरली जाईल. पत्र ‘अध्यक्ष / सचिव, जुने रहिवासी’ यांच्या नावे. ते घेऊन त्यांचा पोरगा दारोदार फिरला. घेणार कोण? शेवटी माझ्याकडे आला.

बोळ महापालिकेचा, गेटला तिची परवानगी लागेल, एवढी एक ओळ लिहून भागलं असतं. पण ओट्यावर वेगळंच सुरू झालं. कुलूप कोण लावणार? पंढरपूरकडून भोपळ्यांचा टेम्पो अपरात्री येतो तेव्हा कोण उठणार? उरुसात ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणं चालतं, तिथून पहाटे परतणाऱ्याने कुणाला हाका मारायच्या? यावर एक तरुण म्हणाला, ‘माझी गाडी चोरीला गेली तेव्हा कोण जागं होतं?’ त्याला कुणी उत्तर दिलं नाही. आणि ओट्यावर कधीही न आलेल्या खाला दारातूनच म्हणाल्या, ‘आधी माझी भिंत, मग तुमचं गेट.’

भिंत त्याच आठवड्यात झाली. गवंडी सोसायटीनेच पाठवला, पैसे शेजाऱ्याने दिले.

गेटचं उत्तर मी लिहिलं. खाली एकट्याची सही कुणालाच मंजूर नव्हती, म्हणून एकवीस जणांनी केल्या. दोन अंगठे. आक्कांनी कानडीत केली. सोसायटीचे सचिव भले गृहस्थ, ते कागद घेऊन माझ्याकडे चहाला आले. सह्या मोजल्या आणि म्हणाले, ‘सर, पुढचं पत्र नक्की कुणाच्या नावे काढू?’

आक्का पायरीवर भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, ‘पत्र कशाला काढतोस बाळा? सकाळी सहाला नळाला पाणी येतं. तेव्हा ये, आम्ही सगळ्या असतो.’

ते आले. पण साडेसहाला आले, तोवर पाणी गेलं होतं.