चिबड रान, पांढरी माती: शेतात पाणी येतं, पण जातं कुठे?

(हे एपिसोडचं शब्दांकन आहे. बोलताना झालेली पुनरुक्ती काढलीय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आजचा विषय जमिनीचा आहे. प्लॉटचा नाही, शेतजमिनीचा. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत नोकरीला असतील. गावाकडच्या सातबाऱ्यावर आज ना उद्या आपलं नाव लागणार, हेही कुठेतरी डोक्यात असेल. सातबाऱ्यावरचा क्षेत्राचा आकडा पिढ्यान् पिढ्या तोच राहतो. पण त्या आकड्यामागची माती दहा-पंधरा वर्षांत कामातून जाऊ शकते, तीही पाणी कमी पडल्यामुळे नाही तर जास्त झाल्यामुळे.

शेती आणि पाणी म्हटलं की आपल्याला दुष्काळच आठवतो. पण कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठानं एकदा फिरून बघा. मिरज, वाळवा, शिरोळ या भागात हिरव्यागार उसाच्या मधोमध एखादा तुकडा पांढरा पडलेला दिसतो. तिथे ऊस गुडघ्याएवढा, नाहीतर नुसतं लव्हाळं आणि पाणकणीस. लोक म्हणतात, 'रान चिबडलं', 'मीठ फुटलं', 'चोपण झालं'. हे तीन शब्द एकाच अर्थानं वापरले जातात, पण ते तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांचं औषधही वेगळं आहे. आजचा एपिसोड त्यासाठीच.

आधी सांगतो, मी कृषी पदवीधर नाही. बीटेक केलं, कोड लिहून पोट भरतो. पण आमच्या कामात एक सवय लागते. सिस्टीम तुंबली की पहिला प्रश्न विचारायचा, आत किती येतंय आणि बाहेर किती जातंय? शेताला हाच प्रश्न विचारला की बरंच काही उलगडतं.

वाफसा म्हणजे नक्की काय

आपल्या भाषेत एक फार नेमका शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेल्यावर आजोबा म्हणायचे, 'अजून वाफसा नाही, औत घालू नका.' वाफसा म्हणजे मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी स्थिती. मुळांना दोन्ही लागतं. मुळंही श्वास घेतात, ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात.

आता त्या सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरल्या तर काय होईल? ऑक्सिजन पाण्यातून पसरायचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पटीनं कमी असतो. म्हणजे वरून पुरवठा जवळपास बंद. आत मुळं आणि जिवाणू मात्र ऑक्सिजन वापरतच राहतात. उन्हाळ्यासारखी ऊब असेल तर एक-दोन दिवसांत आतला साठा संपतो.

त्यानंतर जिवाणू गप्प बसत नाहीत, ते दुसरीकडून ऑक्सिजन काढतात. पहिला नंबर नायट्रेटचा. तुम्ही घातलेल्या युरियातून तयार झालेलं नायट्रेट ते फोडतात आणि त्यातला नत्र वायू होऊन हवेत निघून जातो. मग मँगनीज, मग लोह. लोहाचं रूप बदललं की माती निळसर-करडी दिसायला लागते. मग सल्फेट, आणि तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. खोरं मारल्यावर असा रंग दिसला, असा वास आला, तर त्या मातीत हवा नाही, हे कुठल्याही लॅबशिवाय कळतं.

म्हणूनच चिबड रानात ऊस पिवळा पडला की दुकानातून आणखी एक पोतं युरिया आणणं हा पैशाचा धूर आहे. मुळं गुदमरलीत, त्यांना आहे तेच उचलता येत नाही. आणि तुम्ही घातलेलं खत आकाशात चाललंय.

'मग भात कसा येतो पाण्यात?' असं कुणीतरी विचारणारच. भाताच्या खोडापासून मुळापर्यंत हवेच्या पोकळ नळ्या असतात, तो वरची हवा खाली नेतो. गहू, हरभरा, हळद, सोयाबीन यांना ती सोय नाही. उसाला थोडा दम आहे, म्हणून तो लगेच मरत नाही, खुरटतो. आणि तो मरत नाही म्हणूनच आपल्याला उशिरा कळतं.

मीठ येतं कुठून?

आता दुसरा आजार, क्षारपड. इथे एक छोटं गणित करू.

समजा कालव्याचं किंवा नदीचं चांगलं पाणी आहे. चांगलं म्हणजे एका लिटरमध्ये साधारण ३२० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. असं पाणी सिंचनाला उत्तम मानतात. उसाला पाटानं पाणी देताना वर्षभरात २ मीटर उंचीचं पाणी दिलं, असं धरू. एक एकर म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटर. म्हणजे ८,००० घनमीटर पाणी, ८० लाख लिटर. आता गुणा. २,५६० किलो. दर वर्षी, प्रत्येक एकरात, अडीच टन क्षार. ट्रॅक्टरची ट्रॉली भरून मीठ कुणी रानात ओतलं तर आपण भांडायला जाऊ. इथे ते चांगल्या पाण्यातून येतं, म्हणून कुणाला दिसत नाही.

पाणी ऊस पितो, ऊन उडवून नेतं. क्षार मात्र मागे राहतात. बाथरूमच्या नळावर पांढरा थर चढतो ना, तेच. पाऊस आणि जादाचं पाणी ते क्षार खाली धुऊन नेतं, हा त्यांचा बाहेर पडायचा एकमेव रस्ता. आता समजा खालचीच पाण्याची पातळी वर आली, तर? जायला रस्ता नाही. उलट दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पाणी मातीतून वर चढतं, पृष्ठभागावर उडून जातं आणि मीठ ठेवून जातं. पातळी साधारण दीड-दोन मीटरच्या आत आली की हा धोका सुरू होतो. उन्हाळ्यात रान पांढरं दिसतं ते यामुळे. मीठ वरून पडलेलं नसतं, खालून आलेलं असतं.

आणि पातळी वर येते कशी? कालव्याचं पाझरणं, रात्रभर सोडून दिलेली मोटर, उसामागून ऊस, आणि मुख्य म्हणजे बुजवलेले ओढे-नाले. जमिनीला भाव आला तसे लोकांनी नाले नांगरून रानात घेतले. आवक वाढवली आणि जावक बंद केली. त्यात आपली खोल काळी माती. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात, आणि पाणी मुंगीच्या पावलानं खाली जातं.

हे काही आजचं नाही बरं का. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८०च्या दशकात सुरू झालं. आणि १९१० साली, म्हणजे एका पिढीच्या आत, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर सरकारी पुस्तिका लिहिली. म्हणजे निदान शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे. आपण फक्त तोच प्रयोग नवनव्या खोऱ्यांत पुन्हा करत आलो.

चोपण: सगळ्यात अवघड

तिसरा आजार चोपण. इथे दोष सोडियमचा. मातीचे बारीक कण कॅल्शियमला धरून गुच्छात राहतात, त्या गुच्छांमधून पाणी आणि हवा खेळते. कॅल्शियमची जागा सोडियमनं घेतली की कण एकमेकांपासून सुटतात आणि पोकळ्या बुजवून टाकतात. ओली असताना साबणासारखी, वाळल्यावर विटेसारखी. वरती पाणी साचलेलं आणि वीतभर खाली कोरडं, हे चोपण रानातच दिसतं.

कागदावरचे आकडे सांगतो, स्क्रीनशॉट काढून ठेवा. क्षारता, म्हणजे ईसी, ४ डेसीसायमनच्या वर आणि सामू ८.५च्या आत असेल तर क्षारयुक्त. सामू ८.५च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. सोडियमही जास्त आणि क्षारताही जास्त असेल तर क्षारयुक्त चोपण. एक मेख आहे. ४ हा आकडा माती पाण्यानं संपृक्त करून काढलेल्या अर्काचा आहे. बऱ्याच लॅब एक भाग माती आणि अडीच भाग पाणी अशा मिश्रणात मोजतात, तिथे आकडा बराच कमी येतो. तिथे १ आला तरी सावध व्हायला हवं. म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी विचारा, कुठल्या पद्धतीनं मोजलंय?

घरी करायची एक चाचणी पण सांगतो. नखाएवढं वाळलेलं ढेकूळ घ्या, पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा, हलवू नका. काही तासांनी बघा. ढेकूळ विस्कटलं पण पाणी स्वच्छ राहिलं, तर ठीक. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग पसरला, तर सोडियमची शंका घ्या. क्षार खूप असतील तर मात्र हा ढग दिसत नाही, कारण क्षारच कणांना एकत्र धरून ठेवतात. त्यामुळे ही चाचणी म्हणजे इशारा, निकाल नाही.

मग करायचं काय? क्रम महत्त्वाचा

पहिलं, आवक कमी करा. ठिबक, मोजून पाणी, पीक फेरपालट. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कंटाळवाणं. ठिबकनं पातळी वाढायची थांबते, पण आधीचं मीठ त्यानं जात नाही. ते ओलाव्याच्या कडेला जाऊन बसतं.

दुसरं, जावक. बुजलेला नाला उघडा, चर काढा. पाणी वरच्या अंगानं, कालव्याकडून झिरपत असेल तर ते शेतात शिरायच्या आधी आडव्या चरानं अडवा. एवढ्यानं भागलं नाही तर जमिनीखालचा निचरा. साधारण चार-पाच फूट खोल सच्छिद्र पाईप, त्याला गाळ अडवणारं कापडी आवरण, असे पाईप ठरावीक अंतरानं, ते सगळे एका मोठ्या पाईपला जोडलेले, आणि शेवटी ओढ्यात तोंड. अंतर किती, ते मातीतून पाणी किती वेगानं सरकतं यावर ठरतं, शेजाऱ्यानं किती ठेवलं यावर नाही. उतार एकसारखा हवा, मध्ये पोट पडलं तर तिथे गाळ साचून लाईन बसते. ओढ्याची पातळीच वर असेल तर विहिरीसारखा खड्डा करून तिथून पाणी उपसावं लागतं, म्हणजे विजेचं बिल आलं.

स्वस्तातला पर्याय मोल निचरा. ट्रॅक्टरमागे तोफगोळ्यासारखं टोक लावून चिकणमातीत दीड-दोन फुटांवर नुसतं बीळ पाडत जायचं, पाईप नाही. भारी काळ्या रानात काही वर्षं टिकतं. चोपण मातीत मात्र ते बीळ ढासळतं.

तिसरं, जिप्सम. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर जायला हवा. निचराच नसेल तर तो जाणार कुठे? तिथेच. म्हणून निचऱ्याआधी टाकलेलं जिप्सम बऱ्याच अंशी वाया. याच्या उलट, क्षारयुक्त चोपण रानात निचरा केला आणि जिप्सम न घालता नुसतं गोड्या पाण्यानं धुतलं, तर क्षार जातात, सोडियम राहतो आणि माती पक्की चोपण होते. मात्रा लॅबनं काढलेल्या गरजेप्रमाणेच ठेवा. रानात चुनखडी भरपूर असेल तर गंधकाचाही पर्याय असतो, त्याचं आम्ल होऊन चुनखडीतलं कॅल्शियम मोकळं होतं.

चौथं, हिरवळीचं खत. इथे ताग नको, त्याला साचलेलं पाणी सोसत नाही. धैंचा घ्या, तो पाणीही सोसतो आणि चोपणही. फुलोऱ्याआधी गाडा.

खरी अडचण पाईपची नाही

तंत्र माहीत आहे. कर्नालला केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्था १९६९ पासून आहे, आपल्याकडे सांगलीजवळ कसबे डिग्रजला कृषी संशोधन केंद्र आहे. शिरोळच्या दत्त साखर कारखान्यानं तर शेतकऱ्यांना एकत्र आणून गावोगाव पाईप टाकून दाखवले. या शेवटच्या उदाहरणातला महत्त्वाचा शब्द 'एकत्र' हाच आहे.

कारण पाण्याला गट नंबर कळत नाही. तुमच्या रानात पातळी वर आलीय ती कदाचित वरच्या शेतकऱ्याच्या पाण्यामुळे. तुमचा पाईप ओढ्यापर्यंत न्यायचा तर खालच्या तिघांच्या रानातून जाणार. त्यातला एक भावकीतला, ज्याच्याशी बांधावरून तीस वर्षं बोलणं नाही. एकट्यानं एक एकर सुधारायचा खर्च परवडत नाही आणि टिकतही नाही. शंभर एकरांचा एक आराखडा केला तर मुख्य लाईन एकच लागते. आणि ते खारट पाणी ज्या ओढ्यात सोडणार, तो पुढे कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्याला मिळतो का, हेही त्याच बैठकीत बघायला लागतं.

इथे आपल्या पिढीचा खरा उपयोग आहे, असं मला वाटतं. आपण गावात राहत नाही, त्यामुळे बांधाच्या भांडणात आपण थेट पक्षकार नसतो. शिवाय वाळव्यातला आणि पुण्यातला, दोन्हीकडचे चुलतभाऊ एकाच व्हॉट्सॅप ग्रुपवर असतात. 'सुप्रभात'च्या फोटोंच्या मधे एकदा त्या नाल्याचा नकाशा टाकून बघा.

पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा एवढंच करा. रानात २ मीटरचं भोक घ्या, छिद्रं पाडलेला, फडकं गुंडाळलेला पीव्हीसी पाईप उभा बसवा. त्यात टेप सोडून पाणी किती खोल आहे ते दर आठवड्याला कुणीतरी मोजायचं आणि ग्रुपवर टाकायचं. वर्षभराचा आलेख तयार होईल. पातळी कधी चढते, कालव्याच्या पाळीनंतर की पावसानंतर, ते त्यात दिसेल. 'पाणी तुझ्यामुळे आलं' या वादापेक्षा तो आलेख समोर ठेवून बोलणं सोपं जातं. आणि सोबत मातीचा रिपोर्ट, पद्धत विचारून घेतलेला.

जमीन एका रात्रीत पांढरी होत नाही, तशी एका हंगामात काळीही होत नाही. तीन-चार वर्षं धरून चाला. पण जे रान अजून नुसतं चिबडलंय, मीठ फुटलेलं नाही, त्याच्यासाठी काम सोपं आहे आणि वेळ आत्ताच आहे.

तुमच्या गावाकडे अशा रानाला काय म्हणतात, ते मला नक्की कळवा. शब्द गोळा करतोय. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, मोटर बंद केलीय का, एकदा फोन करून विचारा.