वरपर्यंत तेल पोहोचतंय का?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखरूप सारांश)



दरवर्षी या व्यासपीठावरून संतसाहित्य, इतिहास, आरोग्य अशा विषयांवर विद्वान बोलतात. मी पडलो उद्यमबागेतला लेथवरचा माणूस. तेव्हा आज गाडीच्या इंजिनाबद्दल बोलणार. कुणी हसू नये. ज्या बेळगावात 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं, त्या गावात यंत्रावर बोलायला लाज कसली?

आमच्या घरी 1974 ची अँबॅसेडर आहे. वडिलांचा निपाणीला तंबाखूचा व्यापार. आठवड्यातून दोनदा बेळगाव, संकेश्वर, तवंदी घाट, निपाणी अशी त्यांची फेरी असे. वर्षातून एकदा मात्र मागच्या सीटवर पाट ठेवून त्याच गाडीतून गणपती घरी येई. वडील 2009 साली गेले आणि गाडी शेडमध्ये गेली. सात वर्षांनी मुलगा म्हणाला, "बाबा, भंगारवाल्याला देऊन टाकू. जागा तरी मोकळी होईल." मी म्हटलं, "एकदा गणपती आणू, मग बघू."

नवी बॅटरी बसवली. मुलाच्या नव्या गाडीसाठी आणलेल्या पातळ ऑइलचा डबा शिल्लक होता, तोच ओतला. सेल्फ मारला आणि सुरू होताच रेस केली. पुढं जे झालं त्यातला निम्मा दोष माझ्या या दहा मिनिटांतल्या घाईचा होता.

पंधरा दिवसांत इंजिन टिकटिक वाजू लागलं. तवंदी घाटात दम लागेना, कार्बोरेटरमधून फटाफट उलटे बार. एका गॅरेजमध्ये तीन वेळा टॅपेट टाइट करून दिले. आठवडाभर शांत, की पुन्हा टिकटिक. ऑइलच्या प्रेशरचा काटा मात्र अगदी ठणठणीत.

शेवटी वडिलांचे जुने मेस्त्री आठवले. निपाणीत सगळे त्यांना अण्णा म्हणत. वय ऐंशीच्या घरात. गाडी सुरू करून त्यांनी रॉकरचं झाकण उघडलं आणि मला म्हणाले, "ये, बघ. वर तेल दिसतंय का?" रॉकर कोरडे! मी म्हटलं, "अण्णा, काटा तर नीट दाखवतोय." ते म्हणाले, "काटा खालच्या नळाचं पाणी दाखवतो रे. वरच्या मजल्यावर आलंय का, ते वर जाऊनच बघायला लागतं."

आता थोडं यंत्रशास्त्र. अँबॅसेडरचं हे 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन मूळ ब्रिटिश बी-सिरीज घराण्यातलं. त्यात कॅमशाफ्ट वर हेडमध्ये नसतो, खाली ब्लॉकमध्ये असतो. त्याचे आठ उंचवटे टॅपेट उचलतात, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकर हलवतो आणि रॉकर व्हॉल्व उघडतो. कॅमशाफ्टच्या बेअरिंगना पंपाचं तेल दाबानं मिळतं. पण उंचवटा आणि टॅपेट जिथं घासतात, तिथं असा थेट दाब नाही. क्रँकचे शिंतोडे आणि वरून रॉकरमधून पुशरॉडच्या भोकांतून ओघळणारं तेल, यांवरच ती जागा जगते. रॉकरचा पोकळ दांडा गाळानं तुंबला, की वरचे रॉकर कोरडे पडतातच, शिवाय खालच्या कॅमचाही एक झरा आटतो.

अण्णांनी डायल गेज लावून एकेका व्हॉल्वची उचल मोजली. सात ठीक होते. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट जवळजवळ दोन मिलिमीटर कमी. तिथला कॅम झिजला होता. टॅपेट टाइट करून आवाज मरत होता, झीज नाही.

इंजिन उतरवलं. टॅपेट काढले ते अंड्यांच्या ट्रेमध्ये नंबर घालून ठेवले, कारण ज्या कॅमवर जो टॅपेट मुरला, तो दुसऱ्याखाली चालत नाही. टॅपेटचा तळ किंचित फुगीर आणि कॅम किंचित तिरपा घासलेला असतो, त्यामुळं टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो. फिरणं थांबलं, की एकाच जागी घासून कॅम संपतो. आमच्या त्या टॅपेटचा तळ चक्क वाटीसारखा खोलगट झाला होता. कॅमशाफ्ट बदलला, त्याबरोबर आठही टॅपेट नवे घेतले. नव्या कॅमवर जुना टॅपेट कधीच बसवायचा नाही. रॉकरच्या दांड्याची टोकं उघडून आतला काळा गाळ तारेनं आणि रॉकेलनं काढला, हवा मारून प्रत्येक भोक मोकळं केलं.

मग तेल. जुन्या तेलांत जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग भरपूर असे. दाबाखाली ते धातूवर संरक्षक थर धरतं. पण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारतो, म्हणून ते कमी केलं गेलं. 2004 च्या अमेरिकी 'एसएम' दर्जात 10डब्ल्यू-30 सारख्या पातळ तेलांना 0.08 टक्के फॉस्फरसची मर्यादा आली. नव्या गाड्यांना ते योग्यच, पण सपाट टॅपेटच्या जुन्या इंजिनाला 0.10 ते 0.12 टक्के बरे. 20डब्ल्यू-50 सारख्या घट्ट तेलांना ती मर्यादा नाही. आम्ही तेच घातलं, डब्यावरची माहिती वाचून. बाजारातली पूरक औषधं मात्र हात सैल सोडून ओतू नयेत, जास्त झाली तर तीही बाधतात.

सुरू करताना अण्णांनी कॅमवर घट्ट असेंब्ली ग्रीस चोळलं, प्लग काढले आणि काटा वर येईपर्यंत इंजिन फिरवलं. मग प्लग लावून सुरू केलं आणि वीस मिनिटं दोन हजारांच्या वर फेऱ्यांवर ठेवलं. मी म्हटलं, "अण्णा, नवं इंजिन हळू चालवायचं ना?" ते म्हणाले, "हळू चाललं तर शिंतोडे उडतच नाहीत. मग नवा कॅम पहिल्या दिवशीच संपेल."

मंडळी, तुमच्याही शेडमध्ये अशी एखादी गाडी असेल. तर एवढंच करा. बरेच दिवस उभी असेल, तर प्लग काढून आधी तेल फिरवा. सुरू होताच रेस करू नका. टिकटिक आली तर टॅपेट टाइट करण्याआधी झाकण उघडून वर तेल येतंय का ते पाहा, आणि व्हॉल्वची उचल मोजून घ्या.

त्या वर्षी गणपती अँबॅसेडरमधूनच आला. गाडी मुलानं चालवली. अण्णा मागं पाटाशेजारी बसले होते, मूर्ती हातानं धरून. घरी आल्यावर आरतीआधी मुलानं स्वतःच बॉनेट उघडलं. भंगाराचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. अण्णा आज नाहीत. त्यांचं फिलर गेज आता मुलाच्या खणात आहे.

गणपती बाप्पा मोरया!