शिडी : चढण्याची आणि उतरण्याची



वैशाख सरत आला की जुन्या घरांत राहणाऱ्या आम्हा मंडळींना कौले आठवतात आणि कौलांमागून शिडी. अर्थात शेजाऱ्याची! त्यानेही ती पलीकडच्या वाड्यातूनच आणलेली असते.

शिडी लावण्याचे शास्त्र सोपे आहे. उंची ४ हात, तर पायथा भिंतीपासून १ हात. फार जवळ लावली तर ती तुम्हाला घेऊन मागे कलंडते. फार दूर लावली तर पाय घसरतो, आधी तिचा आणि मग तुमचा. टोक वळचणीच्या वर २ हात निघावे, म्हणजे उतरताना धरायला आधार राहतो.

गेल्या वर्षी अंगणात अडचण नको म्हणून मी शिडी भिंतीला चिकटवली आणि चिरंजीवांना म्हटले, "जरा धर रे!" वर माझ्या दोन्ही हातांत कौले. तेवढ्यात रस्त्यावरून कुल्फीवाला गेला. मागोमाग चिरंजीव गेले, मग शिडी गेली आणि शेवटी मी.

पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. घरात सर्वांनी पोराला बोल लावला. मी गप्प बसलो. त्याने कुल्फी सोडली, तरी गप्पच.

आज तो समोर बसला आहे, म्हणून चारचौघांत सांगतो : बाळ, शिडी मीच चुकीची लावली होती. यंदा नीट लावीन. काम संपले की कुल्फी दोघे मिळून खाऊ.