परसातला दुधी आधी चाखा, मग मिक्सरला लावा

परसबाग लावा, असं मी गेली काही वर्षं गावोगाव सांगत आलो आहे. सांडपाण्यावर चार वेल, दोन वाफे पालेभाजी, कडेला शेवगा आणि कढीपत्ता एवढं असलं, की रोजच्या भाजीसाठी बाजाराकडे बघावं लागत नाही. हे सांगणं खोटं नाही. पण भाजी परसातून निघाल्यापासून ताटात येईपर्यंत तिचं काय होतं, हे मात्र मी कधी फारसं सांगितलं नाही. ते घरातल्या बायकांचं काम, त्यांना ठाऊकच असतं, असं धरून चाललो होतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्याच घरी एक प्रसंग घडला आणि माझी चूक माझ्या पदरात पडली. तोच आज तुम्हाला सांगणार आहे.

आमच्या आईची एक जुनी सवय आहे. विळीवर दुधी किंवा काकडी घेतली, की ती आधी देठाकडची चकती कापते, तिचा एवढासा तुकडा जिभेवर ठेवते आणि मगच पुढं चिरते. लहानपणी आम्हाला वाटायचं, आईला कच्चं खायची आवड आहे. तिला कारण विचारलं तर म्हणायची, "आमची सासू करायची, म्हणून मी करते."

वडिलांना साखरेचा आजार आहे. गोळ्या चालू आहेत. कुणीतरी त्यांना सांगितलं, की सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस घ्या, साखर उतरते. परसात दुधीचा वेल होताच. एका पाहुण्यांनी दिलेलं बी आईनं उकिरड्याच्या कडेला टाकलं होतं. वेल जोमानं वाढला आणि फळंही लांबट, हिरवीगार, डोळ्यांना कुठंही खोट दिसू नये अशी लागली. त्या दिवशी आई पहाटेच मळ्यात गेलेली. वडिलांनी स्वतःच एक दुधी तोडला, चाकूनं फोडी केल्या, मिक्सरला लावल्या, गाळून पेलाभर रस घेतला. पहिल्या घोटालाच तो कडू लागला होता. पण ते म्हणाले, "औषध कडूच असतं," आणि पेला संपवला.

अर्ध्या तासात पोटात पीळ पडला. उलट्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. जुलाब झाले, अंगाला घाम सुटला, उभं राहवेना. शेजाऱ्यांच्या जीपमधून आम्ही त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. काय प्यायले, हे आम्ही लगेच सांगितलं, म्हणून डॉक्टरांना अंदाज आला. सलाइन लावलं, रक्तदाब सांभाळला. दोन दिवसांनी वडील घरी आले. आईनं येताच मिक्सरचं भांडं बघितलं. तळाशी राहिलेल्या रसात बोट बुडवून जिभेला लावलं आणि लगेच थुंकून टाकलं. म्हणाली, "मी घरात असते तर हा दुधी विळीवरूनच उकिरड्यावर गेला असता."

मंडळी, मी शेतकीचा पदवीधर. दुधीवरची रोगकीड मला पाठ. पण त्या दिवशी आमच्या घरात खरं ज्ञान आईच्या जिभेवर होतं.

आता यामागचं कारण समजून घेऊ. दुधी, काकडी, दोडका या सगळ्या वेलवर्गीय भाज्यांच्या कुळात कुकुरबिटासिन नावाचा अतिशय कडू पदार्थ असतो. किडीपासून आणि जनावरांपासून वेलाचं रक्षण करायला निसर्गानं तो दिला आहे. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या गोड फळांचं बी राखलं, म्हणून आपल्या खाण्याच्या जातींत तो नावापुरता उरला. पण रानटी आणि कडू भोपळ्यात तो भरपूर असतो. मिरजेच्या तंबोऱ्याला लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून जातात. ते वाजवण्यासाठी असतात, खाण्यासाठी नव्हेत.

अशा कडू वेलाचे पराग आपल्या गोड दुधीच्या फुलावर आले, तर यंदाचं फळ कडू होत नाही, कारण फळाचा गर हा आईवेलाचाच असतो. मात्र त्या फळातलं बी पुढच्या वर्षी लावलं, तर कडू वेल निघू शकतो. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. पतंग आणि इतर कीटक लांबलांबून पराग आणतात, त्यांना बांध आडवा येत नाही. म्हणून पाहुण्याकडचं, उकिरड्यावर आपोआप उगवलेलं किंवा कुठून आलं ते माहीत नसलेलं बी वापरताना सावध राहा. कडक ऊन आणि पाण्याचा ताण यांनीही कडवटपणा वाढतो. बी शक्यतो खात्रीच्या ठिकाणाहून घ्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'सम्राट' ही जात आपल्याकडे चांगली येते.

कुणी म्हणेल, आजवर कडू दुधी कुणाच्या घरी निघाला नाही? निघाला. पण त्याची भाजी पहिल्या घासालाच कळायची आणि ताट बाजूला सरायचं. रसाचं तसं नाही. मिक्सर अख्खा दुधी एका पेल्यात उतरवतो आणि माणूस तो नाक दाबून एका दमात पितो. त्यातून "कडू ते औषध" ही समजूत! शिजवल्यानं हे विष जात नाही, मीठ-साखर घातल्यानंही जात नाही. दुधीचा कडू रस पिऊन देशात माणसं दगावली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं याचा अभ्यास केला आणि तिचा अहवाल 2012 साली प्रसिद्ध झाला. समितीनं सांगितलं ते आमची आई आणि तिची सासू करत आल्या होत्या, तेच: रस काढण्याआधी फोड चाखा, कडू लागली तर फळ टाकून द्या.

मग कारलं कडू असूनही आपण खातोच की, असं तुम्ही विचाराल. कारल्याचा कडवटपणा वेगळ्या घटकांचा आहे. पण एक लक्षात ठेवा, दुधीचा रस कारल्याच्या रसात मिसळू नका. कारल्याच्या कडवटात दुधीचा कडवट लपून जातो आणि जीभ फसते. आणि साखरेच्या आजाराची डॉक्टरांनी दिलेली गोळी कुठल्याही रसाच्या भरवशावर बंद करू नका.

या प्रसंगानंतर मी आमच्या स्वयंपाकघराकडे नीट बघायला लागलो. यंत्र हाताचे कष्ट वाचवतं, ते वाचलेच पाहिजेत. पाट्यावर वाटून वाटून आईचे खांदे गेले आहेत. पण यंत्राला जीभ, नाक आणि डोळे नसतात. ते काम माणसानंच करायचं.

कुकरचंच बघा. उघड्या भांड्यात पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळं ते 120 अंशांच्या आसपास जातं, म्हणून डाळ लवकर शिजते आणि सरपण किंवा गॅस वाचतो. पण तीच कोंडलेली वाफ धोक्याची असते. डाळ, कडधान्य घालताना कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. फेस येऊन नळीत डाळीचं साल अडकलं, तर वाफेला वाट राहत नाही. दर वेळी शिट्टी बसवण्याआधी नळी उजेडाकडं धरून आरपार बघा. सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर त्याच कंपनीचा, त्याच मापाचा बसवा. तिथं खिळा किंवा दुसरंच काही ठोकून काम भागवू नका. वाफ पूर्ण उतरल्याशिवाय झाकणाशी जबरदस्ती नको. परसातल्या घेवड्याचा राजमा करायचा असेल, तर रात्रभर भिजत घाला, ते पाणी फेका आणि ताज्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवा. अर्धाकच्चा राजमा उलट्या करवतो.

पालेभाजीला मात्र कुकर नको. भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात टाकली, की त्यातलं क जीवनसत्त्व पाण्याबरोबर मोरीत जातं. थोड्या पाण्यात झाकण ठेवून लवकर शिजवा. आजीची लोखंडी कढई माळ्यावर असेल, तर खाली काढा. तिच्यात शिजवलेल्या भाजीत थोडं लोह उतरतं आणि आपल्याकडे बायाबापड्यांना, वाढत्या मुलींना लोहाचीच उणीव असते. चिंच-टोमॅटो असेल तर जास्त उतरतं. फक्त भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते. जेवताना वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला, तर तेच लोह वाया जातं.

फ्रीजबद्दल एवढंच सांगतो, की परसबाग हाच तुमचा खरा फ्रीज आहे. लागेल तेवढंच, लागेल तेव्हा तोडा. माल जास्त निघाला, तर सावलीत विटांची दुहेरी भिंत रचून मधल्या साडेसात सेंटिमीटर फटीत वाळू भरा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. या शून्य ऊर्जा शीतकक्षात भाजी विजेशिवाय काही दिवस ताजी राहते.

आणि शेवटचं सांगणं खास पुरुष मंडळींना. कपाशीवर फवारून पंपात उरलेलं औषध "वाया कशाला घालवायचं" म्हणून परसातल्या वेलावर मारू नका. अंतरप्रवाही औषध भाजीच्या आत शिरतं, ते धुऊन जात नाही. ही भाजी आपलीच लेकरं खाणार आहेत.

लक्षात ठेवा:

1. दुधी, काकडी, दोडका चिरताना दर फळाचा लहानसा तुकडा चाखा. एक गोड निघाला म्हणून दुसरा गोडच असेल, असं नाही.
2. कडू लागलं तर थुंका, चूळ भरा आणि फळ टाकून द्या. जनावरांपुढेही टाकू नका.
3. कडू फळाचा वेल उपटा, त्याचं बी राखू नका.
4. कडू रस पोटात गेला आणि पोटदुखी, उलटी, जुलाब किंवा चक्कर सुरू झाली, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. 108 क्रमांकाला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनानं दवाखाना गाठा, आणि काय प्यायले ते डॉक्टरांना सांगा.
5. कुकरची नळी दर वेळी बघा. डाळ निम्म्यापर्यंतच.
6. पालेभाजी आधी धुवा, मग चिरा. लोखंडी कढई वापरा.

आमच्या परसात यंदाही दुधी आहे, खात्रीच्या बियाण्याचा. वडील आता भाजी खातात, रसाचं नाव काढत नाहीत. आणि मिक्सरशेजारच्या भिंतीवर माझ्या मुलीनं खडूनं लिहून ठेवलं आहे: "आधी आजीला विचारा." तुमच्याही घरी अशी एखादी आजी असेल. तिला विचारा, आणि ती जे करते ते का करते, हे सुनांना, लेकींना आणि मुलांनाही सांगा.